अमेरिकेतल्या मोटार कामगारांचा २०२३चा संप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ सप्टेंबर २०२३ची रात्र संपता संपता मिशिगन, ओहायो आणि मिसुरी या राज्यांतल्या तीन मोटार कारखान्यांचे कामगार हातातलं काम ठेवून गेटबाहेर आले. पुढचे सहा आठवडे रोज कुठे ना कुठे गेटवर माणसं उभी होती. या संपाबद्दल विचारणारे बहुतेक जण "पगार किती टक्के वाढला?" इथूनच सुरुवात करतात. तो आकडा पुढे दिला आहेच. पण माझ्या मते या लढ्याचा गाभा दुसरीकडे होता. एकाच लाइनवर शेजारी उभं राहून तेच काम करणाऱ्या दोघांना वेगवेगळा पगार का, हा त्या माणसांचा खरा सवाल होता. ही उत्तरं लिहिताना मी तोच धागा धरला आहे.

संप कोणी केला आणि कोणाविरुद्ध?

संप केला युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यूएडब्ल्यू या युनियनने. ती १९३५ साली डेट्रॉइटमध्ये स्थापन झाली. समोर होत्या जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलँटिस. स्टेलँटिस हे नाव नवं वाटत असेल, तर जुनी क्रायस्लर आठवा. जीप, राम, डॉज या गाड्या बनवणारी कंपनी आता स्टेलँटिसच्या छत्राखाली आहे.

या तीन कंपन्यांत युनियनचे मिळून दीड लाखाच्या आसपास सभासद होते. तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप होण्याची युनियनच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

कामगार एवढे चिडले का होते? मोटार कामगारांना तिकडे चांगला पगार असतो ना?

एके काळी होता, आणि म्हणूनच राग होता. १९५० साली वॉल्टर रॉयथर यांच्या नेतृत्वाखाली युनियनने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. त्यात पेन्शन, आरोग्य विमा आणि महागाईशी जोडलेला भत्ता या गोष्टी एकत्र आल्या. कारखान्यात राबणाऱ्या माणसाने स्वतःचं घर घ्यावं, मुलांना शिकवावं, निवृत्तीनंतर सुखाने राहावं, हे त्या कराराने शक्य केलं.

मग २००७ आलं. विदेशी कंपन्यांच्या स्पर्धेत डेट्रॉइटच्या कंपन्या गळपटत होत्या. त्यांनी सवलती मागितल्या आणि युनियनने दिल्या. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, सरकारने पैसा ओतून त्या वाचवल्या, आणि कामगारांनी आणखी सोडलं. महागाई भत्ता थांबला. पगारासाठी संप करायचा नाही, अशी अटही या दोन कंपन्यांत २०१५पर्यंत मान्य करावी लागली.

त्या वेळी कामगारांच्या मनात एकच हिशेब होता: कंपनी संकटात आहे, आज आपण सोसू, दिवस पालटले की परत मिळेल. दिवस पालटले. २०२३च्या पहिल्या सहा महिन्यांत तिन्ही कंपन्यांचा मिळून नफा सुमारे २१ अब्ज डॉलर होता. जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा यांची २०२२ची एकूण मिळकत जवळपास २ कोटी ९० लाख डॉलर होती. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. कामगारांचा महागाई भत्ता मात्र २००९ मध्ये थांबला तो थांबलाच. चिडायला आणखी काय हवं?

'टियर' हा शब्द सारखा ऐकू येतो. त्याचा अर्थ काय?

टियर म्हणजे पायरी, थर. २००७च्या करारात असं ठरलं, की जुन्या कामगारांचे पगार तसेच राहतील, पण यापुढे भरती होणाऱ्यांना कमी पगार मिळेल. किती कमी? जुन्या माणसाला तासाला २८ डॉलरच्या आसपास मिळत, तर नव्याला सुमारे १४. जवळपास निम्मे. शिवाय नव्याला ठरावीक रकमेची पेन्शन नाही आणि निवृत्तीनंतरचा आरोग्य विमाही नाही. त्याऐवजी बाजाराच्या चढउतारावर चालणारं बचत खातं.

पुढच्या करारांत हे अंतर थोडं कमी झालं, पण गेलं नाही. २०२३ मध्ये कायम कामगाराचा सुरुवातीचा दर तासाला १८ डॉलरच्या आसपास होता आणि वरचा ३२ डॉलर. खालून वर चढायला आठ वर्षं लागत. त्याखाली टेम्पररी कामगार. ते १६-१७ डॉलरवर काम करत आणि कायम कधी होणार याचा भरवसा नसे. कित्येक जण वर्षानुवर्षं 'टेम्पररी'च राहिले. सुट्या भागांच्या गोदामांतले आणि काही पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार आणखी वेगळ्या, खालच्या श्रेणीत होते.

कल्पना करा: दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकाच गाडीचे दोन दरवाजे बसवताहेत. नट तेच, घाम तोच, दुखणारा खांदाही तोच. पगार मात्र निम्म्याने कमी-जास्त. याने पोटाला चिमटा बसतोच, पण युनियनही आतून पोखरली जाते. खालच्याला वाटतं, यांनी आपला करार वाचवायला मला विकलं. वरच्याला रोज त्याच्या नजरेला नजर द्यावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की २००७ साली युनियनने केलेली ही सर्वांत महागडी तडजोड होती. जे अजून भरतीही झाले नव्हते, ज्यांना मतदानाचा हक्कच नव्हता, त्यांच्या खिशातून ती भागवली गेली.

मागण्या काय होत्या? कोणी ४० टक्के म्हणतं, कोणी ४६. खरं काय?

दोन्ही खरे. मागणी होती आधी २० टक्के आणि मग चार वेळा ५-५ टक्के. साधी बेरीज केली तर ४०. पण प्रत्येक वाढ आधीच्या वाढलेल्या पगारावर मिळते, त्यामुळे चक्रवाढीने आकडा ४६च्या जवळ जातो.

पगाराखेरीज टियर रद्द करणं, महागाई भत्ता परत सुरू करणं, टेम्परऱ्यांना कायम करणं, सर्वांना जुनी पेन्शन आणि निवृत्तीनंतरचा आरोग्य विमा देणं, कारखाना बंद केला तर त्याविरुद्ध संपाचा हक्क मिळणं, आणि ४० तासांच्या पगारात ३२ तासांचा आठवडा या मागण्या होत्या. शेवटची ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या. पण आठवड्याला ६० तास, कधी सातही दिवस लाइनवर उभ्या राहणाऱ्या माणसांकडून ती आली होती, हे विसरून चालणार नाही.

सगळे कारखाने एकदम का बंद केले नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. त्याचं अर्धं उत्तर साध्या गणितात आहे.

युनियनच्या संप निधीत सुमारे ८२.५ कोटी डॉलर होते. संपावरच्या प्रत्येकाला आठवड्याला ५०० डॉलर द्यायचे. दीड लाख माणसं एकदम बाहेर आली असती तर आठवड्याला ७.५ कोटी डॉलर लागले असते. म्हणजे निधी ११ आठवड्यांत रिकामा, आणि आरोग्य विम्याचे हप्ते धरले तर त्याहूनही लवकर. कंपन्यांनाही हा हिशेब येत होता. त्यांनी नुसती वाट पाहिली असती तरी चाललं असतं. पहिल्या दिवशी प्रत्यक्षात बाहेर आले सुमारे १३ हजार. त्यांचा आठवड्याचा खर्च ६५ लाख डॉलर. एवढ्यावर युनियन महिनोन्‌महिने तग धरू शकत होती.

उरलेलं अर्धं उत्तर अनिश्चिततेत आहे. पूर्वी युनियन एका कंपनीला लक्ष्य करायची, तिच्याशी करार करायची आणि तोच नमुना बाकी दोघींपुढे ठेवायची. त्यामुळे दोन कंपन्या निवांत असायच्या. २०२३ मध्ये तिघींशी एकदम बोलणी आणि तिघींवर एकदम टांगती तलवार. पुढचा कारखाना कोणता, हे आदल्या क्षणापर्यंत गुप्त. युनियनचे अध्यक्ष शॉन फेन बहुधा शुक्रवारी फेसबुकवर थेट बोलायचे. ज्या कंपनीने बोलण्यात काही दिलं तिला त्या आठवड्यात सूट, जिने हात आखडता घेतला तिचा आणखी एक कारखाना बंद. तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकमेकींपेक्षा जास्त देण्याच्या शर्यतीत उतरवलं गेलं, हीच या डावपेचाची करामत.

त्याला 'स्टँड अप' संप असं नाव का पडलं?

कारण त्याच्यामागे 'सिट डाउन' संपाची, म्हणजे बैठ्या संपाची आठवण आहे. ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट गावात जनरल मोटर्सचे कामगार कारखान्याबाहेर पडलेच नाहीत. यंत्रांशेजारी आतच बसून राहिले. बाहेर गेलं की संपफोडे आत येऊन यंत्रं चालवतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. ऐन थंडीत कंपनीने आतली गरम हवा बंद केली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कामगारांच्या घरच्या बायकांनी बाहेरून जेवण पोहोचवलं आणि स्वतःचं पथक उभारून पोलिसांसमोर उभ्या राहिल्या. राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी सैनिक बोलावले, पण कामगारांना बाहेर काढायला त्यांचा वापर केला नाही. ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ला जनरल मोटर्सने युनियनला मान्यता दिली. आधी चिमुकली असलेली युनियन त्यानंतर झपाट्याने वाढली.

२०२३चे कामगार या बैठ्या संपाची पतवंडं. आजोबा-पणजोबा बसले होते, आता आपण उभं राहायचं, असा त्या नावाचा भाव.

संप नसलेल्या कारखान्यांतले कामगार तेव्हा काय करत होते?

रोज कामावर जात होते, पण करार संपलेल्या अवस्थेत. अमेरिकी कायद्यानुसार करार संपला तरी बोलणी चालू असताना मालकाला पगार-सवलती मनाला येईल तशा बदलता येत नाहीत. मात्र 'करार चालू असताना संप करायचा नाही' हे बंधन करारासोबतच संपतं. म्हणजे प्रत्येक कारखान्यातला कामगार "आज आमची पाळी येईल का?" या तयारीत काम करत होता. अनेक ठिकाणी लोकांनी जादा वेळ काम करायला नकार दिला. तेही एक हत्यारच.

कोणते कारखाने कधी बंद झाले?

पहिल्या रात्री तीन: मिसुरीतला जनरल मोटर्सचा वेंट्झव्हिल कारखाना, मिशिगनमधल्या वेन इथला फोर्डचा कारखाना (तिथेही फक्त रंगकाम आणि शेवटची जोडणी) आणि ओहायोतला स्टेलँटिसचा टोलेडो कारखाना, जिथे जीप रँग्लर बनते.

२२ सप्टेंबरला जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस यांची सुट्या भागांची ३८ वितरण केंद्रं, २० राज्यांत पसरलेली. हा टप्पा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एक तर सुटे भाग हा कंपन्यांचा भरपूर नफ्याचा धंदा. दुसरं म्हणजे, खालच्या श्रेणीत ढकलले गेलेले गोदाम-कामगार तेच. ज्यांना सर्वांत कमी मिळत होतं, ते लढ्याच्या पुढच्या फळीत आले. फोर्डने तोवर बोलण्यात बऱ्यापैकी प्रगती दाखवली होती, म्हणून तिला वगळलं.

२९ सप्टेंबरला फोर्डचा शिकागोचा आणि जनरल मोटर्सचा लॅन्सिंगजवळचा कारखाना. ११ ऑक्टोबरला केंटकी. २३ला स्टेलँटिसचा स्टर्लिंग हाइट्स, २४ला जनरल मोटर्सचा टेक्ससमधला आर्लिंग्टन, २८ला टेनेसीतला स्प्रिंग हिल. शेवटी शेवटी ४५ हजारांहून जास्त माणसं बाहेर होती.

केंटकीचा एवढा गाजावाजा का झाला?

कारण तिथे शुक्रवारचीही वाट पाहिली नाही. लुइव्हिलमधला केंटकी ट्रक कारखाना म्हणजे फोर्डची दुभती गाय. ८,७०० कामगार, मोठे ट्रक आणि मोठ्या एसयूव्ही, वर्षाला सुमारे २५ अब्ज डॉलरची विक्री. ११ ऑक्टोबरला, बुधवारी, युनियनची मंडळी नव्या प्रस्तावाच्या अपेक्षेने फोर्डकडे गेली. समोर आला जुनाच प्रस्ताव. बैठक काही मिनिटांत आटोपली आणि त्याच संध्याकाळी साडेसहाला कारखाना बंद. दोन आठवड्यांनी, २५ ऑक्टोबरला, सर्वांआधी करारावर आली ती फोर्डच.

संपावरच्या माणसाचं घर कसं चालतं?

ओढाताणीत. वरच्या श्रेणीतल्या कामगाराचे ४० तासांचे साधारण १,२९० डॉलर होत. संपात हातात ५००, तेही गेटवर किंवा युनियनच्या इतर कामात हजेरी लावली तर. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलांचं शिक्षण यातलं काहीही संपामुळे थांबत नाही. आरोग्य विमा मात्र निधीतून चालू ठेवला गेला, आणि अमेरिकेत ही गोष्ट पगाराइतकीच मोठी आहे. २०१९ मध्ये जनरल मोटर्सच्या ४० दिवसांच्या संपात कंपनीने सुरुवातीलाच विमा बंद करण्याचा पवित्रा घेतला होता आणि टीका झाल्यावर मागे घेतला. आजारी मूल घरात असताना आलेली ती बातमी कामगार विसरले नव्हते.

टेम्पररी कामगारांनाही तेच ५०० मिळत. त्यांच्या आधीच्या कमाईशी तुलना केली तर त्यांची झळ टक्केवारीत कमी, पण गाठीला काहीच नसल्याने प्रत्यक्षात जास्त.

संप नसतानाही काही लोकांना घरी बसवलं, ते का?

वेंट्झव्हिलच्या प्रेसवर निघणारे भाग येईनासे झाले, म्हणून जनरल मोटर्सने कॅन्सस राज्यातला फेअरफॅक्स कारखाना थांबवला. सुमारे दोन हजार माणसं बेकार. फोर्डने वेनमध्येच संपात नसलेल्या ६०० जणांना ले-ऑफ दिला, कारण रंगवायला गाड्या पुढे जात नव्हत्या. कंपन्यांचं म्हणणं, हा संपाचा अटळ परिणाम. युनियनचं म्हणणं, हा दबाव. ले-ऑफमध्ये एरवी मिळणारा पूरक पगारही नाकारला गेला. मग युनियनने त्यांनाही निधीतून ५०० डॉलर दिले. ते नसते दिले, तर कामगार आपसातच भांडू लागले असते.

संप केला म्हणून नोकरीवरून काढता येतं का?

काढता येत नाही. पण कायद्यात एक मोठी पळवाट आहे. १९३५च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने संपाचा हक्क दिला. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून असा नियम रूढ झाला, की पगारासारख्या आर्थिक मागणीसाठी संप असेल तर मालक जागेवर कायमस्वरूपी दुसरा माणूस नेमू शकतो. म्हणजे काढलं नाही म्हणायचं, पण जागाही उरलेली नाही. मालकाने बेकायदा वागणूक केली म्हणून संप असेल, तर मात्र हे करता येत नाही.

२०२३ मध्ये कंपन्यांनी कायमचे बदली कामगार आणले नाहीत. अनुभवी हात असे बाजारात उभे नसतात.

शॉन फेन कोण?

इंडियानातल्या कोकोमोचे, क्रायस्लरमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागलेले कामगार. त्यांच्याआधी युनियनची अब्रू पार गेली होती. गॅरी जोन्स आणि डेनिस विल्यम्स या दोन माजी अध्यक्षांनी सभासदांच्या पैशांच्या अपहाराच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेले. न्यायालयाने युनियनवर देखरेख अधिकारी नेमला. मग सभासदांनी कौल दिला, की अध्यक्ष यापुढे प्रतिनिधींनी न निवडता प्रत्येक सभासदाच्या मताने निवडायचा. त्या पहिल्या थेट निवडणुकीत फेन ५०० पेक्षाही कमी मतांनी जिंकले. मार्च २०२३ मध्ये अध्यक्ष आणि सप्टेंबरमध्ये संप.

बोलणी सुरू होताना कंपनीच्या प्रमुखांशी हस्तांदोलन करून फोटो काढण्याची प्रथा होती. फेन यांनी ती मोडली आणि कारखान्याच्या दारात कामगारांशी हात मिळवले. काहींना हा देखावा वाटला. पण भ्रष्टाचाराने ज्यांचा विश्वास उडाला होता, त्यांना नेता कोणाच्या बाजूला उभा आहे हे डोळ्यांनी दिसणं गरजेचं होतं. ऑगस्टमध्ये संपाला परवानगी देण्यासाठी मतदान झालं तेव्हा ९७ टक्के मतं बाजूने पडली.

राष्ट्राध्यक्ष खरंच गेटवर आले होते?

हो. २६ सप्टेंबरला जो बायडन मिशिगनमध्ये जनरल मोटर्सच्या केंद्राबाहेर संपकऱ्यांसोबत उभे राहिले. पदावर असताना संपाच्या गेटवर येणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या दिवशी डोनाल्ड ट्रम्प मिशिगनमध्येच, युनियन नसलेल्या एका पार्ट कारखान्यात बोलले. निवडणूक वर्षभरावर होती आणि मिशिगन हे काट्याच्या लढतीचं राज्य.

इलेक्ट्रिक गाड्यांचा या सगळ्याशी काय संबंध?

खूप जवळचा. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनमध्ये जनरल मोटर्सचा जुना, मोठा कारखाना होता. २०१९ मध्ये तो बंद झाला. घरं विकून, कुटुंब मागे ठेवून माणसं शेकडो मैलांवरच्या कारखान्यांत बदली घेऊन गेली. नंतर त्याच गावात बॅटरी सेलचा कारखाना आला, पण तो जनरल मोटर्स आणि एलजी यांची भागीदारी असलेल्या अल्टियम सेल्स या वेगळ्या कंपनीच्या नावावर. वेगळी कंपनी, म्हणून मुख्य करार लागू नाही. सुरुवातीचा दर तासाला साडेसोळा डॉलर.

म्हणजे इंजिन जाऊन बॅटरी येणार आणि तिच्यासोबत एक नवा, सर्वांत खालचा टियर तयार होणार, ही भीती होती. ६ ऑक्टोबरला जनरल मोटर्सने बॅटरी कारखान्यांतले कामगार मुख्य कराराखाली आणायला संमती दिली. त्या आठवड्यात युनियनने संप वाढवला नाही. पगाराच्या टक्क्यांपेक्षा ही बातमी मोठी होती, असं मला आजही वाटतं.

शेवटी काय मिळालं?

साडेचार वर्षांत २५ टक्के: लगेच ११, मग तीन वेळा ३ आणि शेवटी ५. चक्रवाढीने हे २७च्या वर जातं. महागाई भत्ता परत आला. तो धरून वरचा दर कराराच्या अखेरीस तासाला ४२ डॉलरच्या पुढे जाईल, असा अंदाज होता.

टियरबद्दल बोलायचं तर आठ वर्षांचा जिना तीन वर्षांचा झाला. अनेक टेम्परऱ्यांना कायम केलं, काहींचा दर कराराच्या काळात दुपटीहून जास्त वाढणार होता. गोदामांतले आणि पार्ट कारखान्यांतले कामगार मुख्य वेतनश्रेणीत आले. त्यांतल्या काहींना एका झटक्यात मिळालेली वाढ, आयुष्यभरात मिळाली नव्हती एवढी होती. कारखाना बंद करण्याविरुद्ध संपाचा हक्कही मिळाला.

काय मिळालं नाही?

३२ तासांचा आठवडा नाही. २००७ नंतरच्यांना जुनी पेन्शन नाही, निवृत्तीनंतरचा आरोग्य विमाही नाही. त्यांच्या बचत खात्यात कंपनीने पगाराच्या १० टक्के घालायचं, एवढंच ठरलं. म्हणजे पगारातला टियर बराचसा गेला, पण म्हातारपणातला राहिला. हे अपुरं आहे, आणि ते अपुरं म्हणण्यात संपाचा काही अपमान नाही.

एवढं मिळूनही अनेकांनी विरोधात मत का दिलं?

फोर्ड आणि स्टेलँटिसमध्ये सुमारे ६९ टक्क्यांनी करार मंजूर केला. जनरल मोटर्समध्ये मात्र जेमतेम ५५ टक्क्यांनी. फ्लिंटच्या असेंब्ली कारखान्यात तर बहुमत विरोधात गेलं. फोर्डच्या केंटकी ट्रक कारखान्यातही तसंच झालं. सर्वांत मोठी उडी खालच्या श्रेणीतल्यांना मिळाली. वीस-पंचवीस वर्षं घालवलेल्यांना वाटलं, महागाई आणि थांबलेला भत्ता यांनी आपलं जे खाल्लं ते भरून आलं नाही. शिवाय पेन्शन. या मतांना फूट म्हणणं चुकीचं ठरेल. करार कागदावर वाचून, हिशेब करून त्यांनी 'नाही' म्हटलं, आणि सभासदांच्या युनियनमध्ये असंच व्हायला हवं.

कंपन्यांना किती खर्च आला?

संपाने जनरल मोटर्सचा सुमारे १.१ अब्ज आणि फोर्डचा १.७ अब्ज डॉलरचा नफा बुडाल्याचं त्यांनी सांगितलं. करारामुळे एका गाडीमागे खर्च फोर्डच्या अंदाजाने २०२८पर्यंत सुमारे ९०० डॉलरने वाढणार होता. त्याच दरम्यान जनरल मोटर्सने स्वतःचे १० अब्ज डॉलरचे शेअर परत विकत घेण्याची घोषणा केली. पैसा नव्हता असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

बेल्विडिअरचं पुढे काय झालं?

इलिनॉयमधला हा स्टेलँटिसचा कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये थांबला होता. करारात तो पुन्हा सुरू करण्याचं वचन मिळालं. बंद पडलेला कारखाना संपाने परत उघडायचा, ही फार दुर्मीळ गोष्ट. पण २०२४ मध्ये कंपनीने चालढकल सुरू केली आणि युनियनने पुन्हा संपाचा इशारा दिला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने २०२७ला तिथे उत्पादन सुरू करू असं जाहीर केलं. तोवर हजारभर कुटुंबं वाट पाहत राहिली.

युनियन नसलेल्या कंपन्यांत काही फरक पडला का?

लगेच पडला. करार होताच टोयोटा, होंडा आणि ह्युंदाई यांनी आपल्या अमेरिकी कारखान्यांत पगार वाढवले. कामगारांनी युनियनकडे वळू नये, हा त्यामागचा हेतू लपून राहिला नाही. एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगा इथे फोक्सवॅगनच्या कामगारांनी २,६२८ विरुद्ध ९८५ मतांनी युनियन स्वीकारली. तिथे आधी दोनदा हार झाली होती. महिन्याभरात अलाबामातल्या मर्सिडीजच्या कारखान्यात मात्र २,०४५ विरुद्ध २,६४२ अशी हार झाली. दक्षिणेत युनियन उभी करणं आजही खडतर आहे.

करार ३० एप्रिल २०२८ला का संपतो? आधी तर सप्टेंबरमध्ये संपायचा.

तारीख मुद्दाम निवडली आहे. ३० एप्रिलच्या रात्री करार संपला, तर संप सुरू होईल तो १ मे रोजी. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ला अमेरिकेतच देशभर संप झाला, शिकागो त्याचं केंद्र होतं, आणि जगभरचा कामगार दिन त्यातून आला. अमेरिकेत मात्र कामगार दिनाची सरकारी सुट्टी सप्टेंबरमध्ये असते. फेन यांनी इतर युनियन्सनाही आपापले करार त्याच दिवशी संपतील असे बांधण्याचं आवाहन केलं आहे. दुसऱ्या युनियनच्या पाठिंब्यासाठी संप करण्यावर १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने कडक बंधनं घातली आहेत. पण प्रत्येकाचा स्वतःचा करार त्याच रात्री संपला, तर प्रत्येक जण स्वतःच्या करारासाठीच बाहेर येतो.